आवृत्ती २.० काढण्याआधी

चि. सोन्यास,


तुझी मेल पोचली. तारखा हाताळणारी ती लायब्ररी आता तू सांभाळणार, याचा आनंद आहे. जुने मेंटेनर थकून बाजूला झाले आणि तू आल्या आल्या सगळा कोड नव्याने लिहून २.० काढायला निघालायस. इकडे इश्यूत एक जण दम भरतोय की काहीही हलवलंस तर त्याच्या कंपनीचं बिलिंग बंद पडेल. दोघांमधलं काहीतरी कर, असं मी सांगणार नाही. अर्धं मोडायचं आणि अर्धं ठेवायचं, यात दोन्हीकडून शिव्या मिळतात.

आधी हे ठरव, की लोकांना तू शब्द कशाचा दिलायस.

लिनक्स कर्नल बघ. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांच्या वर बदल असतात. तरीही लिनस टोरवाल्ड्सचा एक नियम हटत नाही: कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर बंद पडला तर दोष कर्नलचा, प्रोग्रॅम कितीही गचाळ लिहिलेला असो. आतल्या बाजूला मात्र अशी कसलीच हमी नाही. ड्रायव्हर ज्या फंक्शनांवर चालतात ती कधीही बदलतात, आणि ती कायम का ठेवणार नाही हे सांगणारं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं एक फटकळ टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. पण त्या मोकळीकीलाही अट आहे. जो फंक्शन बदलेल, त्यानेच कर्नलमध्ये ते जिथे जिथे वापरलंय तिथली दुरुस्ती करून द्यायची. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. बदलाची हौस ज्याची, भुर्दंडही त्याचाच.

तेव्हा कुठली फंक्शनं बाहेरच्यांसाठी आहेत हे रीडमीत लिहून टाक. बाकीचं हवं तसं उलटंपालटं कर. तू म्हणशील, अंडरस्कोअरने सुरू होणारी, आतल्या वापराची फंक्शनंही लोक बिनदिक्कत वापरतात. वापरणारच, आणि मोडलं की नियम दाखवून भागत नाही. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला. कारण शोधलं तर जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतलं मेमकॉपी हे फंक्शन वेगासाठी नव्याने लिहिलं होतं आणि ते आता काही प्रोसेसरांवर मजकूर मागून पुढे नकलत होतं. मूळ जागा आणि नकलेची जागा एकमेकींवर येऊ देऊ नका, असं मॅन्युअलात आधीपासून लिहिलेलं होतं. फ्लॅशने तेच केलं होतं. नियमाने पाहिलं तर जीलिबसीवाल्यांची काहीच चूक नव्हती. टोरवाल्ड्स स्वतः त्या बगच्या चर्चेत उतरला. त्याचं म्हणणं सरळ होतं: गाणं ऐकणाऱ्या माणसाला मॅन्युअलाशी काय कर्तव्य? शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये तोड निघाली. आधी कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमांना जुनं, बिनधोक वागणं मिळत राहिलं आणि नव्याने कंपाइल होणाऱ्यांना नवं, वेगवान मेमकॉपी. बदल टळला नाही आणि कुणाचं काही मोडलंही नाही. थोडं जास्त काम पडलं, तेही लायब्ररीवाल्यांना. मी असते तर मॅन्युअल दाखवून मोकळं व्हायचा मोह मलाही झाला असता; तुलाही होईल.

आता वेगाबद्दल. मोठा बदल साठवून ठेवून एकदम सोडणं यात शिस्त दिसते, म्हणून लोक फसतात. कर्नलमध्येही पूर्वी सम आकड्याची आवृत्ती स्थिर आणि विषम आकड्याची प्रयोगाची, अशी वाटणी होती. २.४ आली जानेवारी २००१ मध्ये आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत लोकांना नवं हार्डवेअर चालवायचं होतं, म्हणून वितरकांनी २.५ मधले बदल उचलून आपापल्या २.४ वर लादले. प्रत्येकाचा कर्नल वेगळा झाला. स्थिर म्हणवलेली आवृत्ती कुणाकडेच जशीच्या तशी राहिली नाही. २.६ नंतर त्यांनी २.७ काढलीच नाही. आता दोन आठवडे नवं काम आत घेतात, मग फक्त दुरुस्त्या. ज्याचं काम उशिरा आलं ते पुढच्या खेपेला. चार मिनिटांनी दुसरी लोकल आहे हे माहीत असलं की माणूस दाराला लोंबकळत नाही, तसंच हे.

पायथन ३ ची गोष्ट तू ऐकून असशील, पण ती बहुतेक जण अर्धीच सांगतात. बदल योग्यच होता, आपल्यासाठी तर फारच. यूटीएफ-८ फाइलमधल्या 'मराठी' या साध्या स्ट्रिंगची लांबी पायथन २ सांगायचं १५, कारण ते बाइट मोजायचं. पायथन ३ सांगतं ५. चुकलं ते वाटेच्या बाबतीत. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आलं तेव्हा अपेक्षा अशी होती, की लोक एका साधनाने कोड रूपांतरित करतील आणि पुढे जातील. लायब्ररीवाल्यांना मात्र एकच कोड दोन्हींवर चालवायचा होता, कारण त्यांचे वापरणारे दोन्हीकडे होते. साधं बघ, स्ट्रिंगआधीचा यू ३.० मध्ये काढून टाकला होता. तो २०१२ साली ३.३ मध्ये परत आणावा लागला. २.७ चा पाठिंबा २०१५ ला संपणार होता, तो २०२० पर्यंत ताणला. रस्टवाल्यांनी यातून शहाणपण घेतलं असावं. तिथे जुन्या एडिशनमधली लायब्ररी आणि नव्या एडिशनमधला प्रोग्रॅम एकत्र बिल्ड होतात.

म्हणून तुझं २.० लिही, पण जुन्या नावांची फंक्शनं आतून नव्या कोडला बोलावतील असं ठेव. वॉर्निंग दे, त्यात पर्यायी फंक्शनचं नाव दे, आणि जुनं फंक्शन कुठल्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला जाणार तेही. तारखांची लायब्ररी चालवणाऱ्याने स्वतःची तारीख पाळली नाही तर लोक हसतील.

पण आमरण जुनं सांभाळत बसू नकोस. नोकरी करून हे करतोयस. कर्नलच्या दीर्घ पाठिंब्याची सहा वर्षं पुन्हा दोनवर आणायचं २०२३ मध्ये ठरलं, आणि तिथे पगारी माणसं आहेत. १.x साठी एक वर्ष फक्त सुरक्षेच्या आणि चुकीचं उत्तर देणाऱ्या बगांच्या दुरुस्त्या, बस्स. बिलिंगवाल्याला याहून जास्त हवं असेल तर त्याच्या कंपनीने एक माणूस द्यावा किंवा पैसे द्यावेत. हे त्याला सौम्य शब्दांत, पण उघड इश्यूतच लिही. त्याच्याकडून त्याच्या टेस्टही मागून घे. तुला न सुचलेल्या विक्षिप्त तारखा त्याच्याकडे नक्की असतील.

चेंजलॉगचा मसुदा झाला की पाठव. शनिवारी बसून वाचेन.

तुझी,
आत्या