चावणाऱ्यातही तोच? (अध्याय २२)

आजचं वाचन श्री साईसच्चरित, अध्याय २२.

हा सापांचा अध्याय. मिरीकर, बुट्टी, अमीर शक्कर, सगळ्यांना बाबांनी वाचवलं. पारायणात आपण इथवर भराभर येतो आणि शेवटचा वाद वाचून न वाचल्यासारखा करतो. मी तिथेच अडकतो. शिरडीत दीक्षितांच्या वाड्यात संध्याकाळी खिडकीच्या चौकटीत साप दिसतो. लोक काठ्या घेऊन धावतात, तोवर तो भोकातून निघून जातो. मुक्ताराम म्हणतो, गेला ते बरंच झालं. हेमाडपंतांना हे अजिबात पटत नाही, साप दिसला की मारायलाच हवा. रात्र होते, वाद मिटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न बाबांकडे जातो. बाबांच्या उत्तराचा आशय असा: साप-विंचवातही तोच देव आहे, त्याच्या इच्छेशिवाय कोणी कोणाला इजा करत नाही, म्हणून जिवांवर दया करा.

मला आवडतं ते हे, की हेमाडपंतांनी स्वतःची हरलेली बाजूही लिहून ठेवली.

पण उत्तर पचवायला कठीण आहे. त्याच्या इच्छेशिवाय कोणी चावत नसेल, तर चावल्यावर इंजेक्शन कशाला घ्यायचं? ती श्रद्धेतली कमतरता नाही का? हा प्रश्न मला पुस्तकात नाही, बालीत पडला. तिथल्या एका मंदिरात चष्मा पळवणारी माकडं आहेत, खाऊ दिला की चष्मा परत करतात, यावर संशोधकांनी चक्क अभ्यास केलाय. माझ्याकडे ना चष्मा होता ना खाऊ. मी पायरीवर बसलो होतो. एक माकड मागून आलं, दंडाला चावलं आणि जणू काही झालंच नाही असं भिंतीवर जाऊन बसलं. बालीत २००८ पासून रेबीज आहे. आईला व्हिडिओ कॉल केला तर पहिला प्रश्न, "अरे, उदी लावलीस का?" मी नळाखाली दंड धरून साबणाने पंधरा मिनिटं जखम धूत होतो. उदी पाकिटात होती, ती कपाळाला लावली. मग दवाखाना. लशीचे डोस दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. पहिले दोन तिथे, बाकीचे पुण्यात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्यामुळे इथे थांबून बघू वगैरे काही नसतं.

यात श्रद्धेला धक्का बसला असं मला वाटत नाही, आणि कारण याच अध्यायात आहे. मिरीकर कोपरगावचे मामलेदार, दौऱ्यावर चितळीला निघालेले. बाबांनी त्यांना सापाची खूण हाताने करून दाखवली आणि सोबत शामाला न्यायला सांगितलं. देव बघून घेईल, तू जा, असं नाही म्हटलं. इशारा दिला आणि माणूस दिला. चितळीच्या मारुतीच्या देवळात रात्री मिरीकर वर्तमानपत्र वाचत होते आणि साप त्यांच्या अंगावरच्या उपरण्याच्या टोकावर होता. शिपायाला तो कंदिलाच्या उजेडात दिसला. साईंची कृपा त्या रात्री कंदील आणि शिपाई होऊन आली, तर माझ्यासाठी ती लस होऊन का येऊ नये?

आणि हो, चितळीचा तो साप लोकांनी मारला. त्याच अध्यायात, 'मारू नका'च्या आधी. मी हे खूप दिवस विसंगती म्हणून वाचत होतो. आता वाटतं, एक साप अंगावर होता आणि दुसरा निघून चालला होता. वाड्यातला वाद निघून चाललेल्याबद्दल होता. भिंतीवरच्या माकडाला मारायला माझ्या शेजारच्या एकाने दगड उचलला, तेव्हा त्या दगडाने माझी जखम भरणार नव्हती. तो राग होता, बचाव नव्हता.

हे मी पुण्यात बसून सहज लिहितोय, याची जाणीव आहे. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोल्याच्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये छापून आला. १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे, तेही दाट वस्तीत, उसात. रात्री लाइट आली की मोटर चालू करायला त्याच उसातून जावं लागतं. तिथे 'निघून चाललेला' आणि 'अंगावर आलेला' यांच्यात एका सरीचं अंतर असतं. तिथल्या आईबापांना मी हा अध्याय वाचून दाखवू शकेन का? मुक्तारामची बाजू घेऊन, त्यांच्या ओट्यावर बसून? मला अजून जमेल असं वाटत नाही.

उद्या २३वा अध्याय, त्यात शामाला साप चावतो. बाबा त्याला झोपू नको, घरात फिरत राहा असं सांगतात. ती बाबांनी शामाला दिलेली आज्ञा आहे, आपल्यासाठी प्रथमोपचार नाही. आज साप चावला तर चावलेला भाग हलवायचा नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही आणि थेट प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात जायचं. उदी लावा की, वाटेत गाडीत लावा.

ॐ साईराम.