विकतची समता

जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीमुळे हैदराबादच्या ज्या भागाला कोठी हे नाव पडले, त्या भागाशी आपल्याकडील मराठी घरांचा संबंध जुना आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढेही पुस्तके, कापड, दवाखाना अशा कामांसाठी आपली माणसे काचीगुड्याला उतरून कोठीला जात राहिली आणि पाय दुखू लागले की इराणी हॉटेलात टेकत राहिली.

इराणहून आलेल्या, बरेचसे मुंबई-पुण्यामार्गे आलेल्या लोकांनी ही हॉटेले घातली. आता ती कमी झाली आहेत. पण रीत तीच आहे. एका भांड्यात चहाचा अर्क, दुसऱ्यात आटवलेले दूध. दोन्हींची गाठ कपात पडते. सोबत उस्मानिया बिस्किट. इथले टेबल कुणा एकाचे नसते. रिकामी खुर्ची दिसली की परका माणूस समोर येऊन बसतो. त्याची जात वा धर्म कुणी विचारत नाही.

याच चहाने एके काळी केवढे वादळ उठवले होते! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हातचा चहा लोक घेईनात, तेव्हा राजर्षी शाहू महाराज त्यांच्या हॉटेलापाशी गाडी थांबवून मुद्दाम चहा घेत. राज्यघटनेच्या १५व्या कलमातही उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला.

कुणी म्हणेल, हॉटेलातली समता विकतची आहे. गल्ल्यावर पैसे पडले की मालकाला जात दिसत नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला खुर्चीही नाही. आक्षेप खरा आहे. पण गावच्या फुकट पंगतीत कुणाचे पान कुठे मांडायचे, हे जन्मावरून ठरत असे. त्या आग्रहाच्या जेवणापेक्षा विकतच्या चहाने अनेकांना अधिक मान दिला, हे नाकारता येत नाही.

शिवाय या व्यवहारात एक गोष्ट विकत मिळत नाही, ती म्हणजे विश्वास. २५ ऑगस्ट २००७ रोजी कोठीतील गोकुळ चाट आणि लुंबिनी पार्क येथे बाँबस्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे गेली. तरी पुढे गोकुळ चाट उघडले आणि लोक पुन्हा अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून तिथे खाऊ लागले. शेजारचा परका आपला घातक नाही, असे मानूनच तो घास घ्यावा लागतो.

म्हणून विकतच्या समतेला हलकी समजू नये. मात्र तिथेच थांबूही नये. खरी परीक्षा पैसे न घेणाऱ्या टेबलाची, म्हणजे आपल्या घराची आहे. हॉटेलात हजारांच्या ओठांना लागलेला कप आपण निःशंकपणे तोंडाला लावतो. मग घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळ्या फळीवर का? ज्या घरात तो कप आहे, त्या घरात पंचहौदचे प्रकरण अजून मिटलेले नाही.