चित्रकाराच्या पाठीमागे

आयुष्याची मुख्य कामे उरकल्यावर माणसाने रंगपेटी आणि घडीचे स्टूल घेऊन उघड्यावर जाऊन बसावे का, आणि बसलाच तर त्या तासांचा हिशेब त्याने कोणाला द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. निवृत्तीनंतर कोणी निसर्गचित्रण आरंभले की घरचे कौतुकाने हसतात आणि शेजारी म्हणतात, ‘आता यांना दुसरे काम नाही.’ या हसण्यामागे मात्र एक नैतिक कल्पना दडलेली असते. जे उपयोगाचे नाही आणि ज्यात या वयात प्रावीण्यही यायचे नाही, त्यावर घालविलेला वेळ हा अपव्ययच होय, अशी ती कल्पना. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात खेळ व विरंगुळा यांचा गंभीरपणे विचार केला आहे. तेथे ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहानाला शिष्यांसमवेत खेळताना पाहून काही जणांना ते खटकले. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, ‘हे अखंड करता येईल काय?’ तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे तो उत्तरला. मनाचेही तसेच, असे योहानाने त्याला समजाविले. अक्वायनस विरंगुळ्याला नुसती सूट देत नाहीत, त्याला सद्‌गुणांत स्थान देतात. इतकेच नव्हे, तर त्याचा सर्वस्वी अभाव हा दोष ठरवितात. सेमिनरीत हा भाग आम्ही घाईने ओलांडला. तेव्हा आमची धनुष्ये नवी होती.

उशिरा कुंचला हाती घेणाऱ्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचे. १९१५ च्या मे महिन्यात दार्दानेल्सच्या मोहिमेच्या अपयशापायी त्यांचे नौदलमंत्रिपद गेले. चाळिशी म्हणजे काही उतारवय नव्हे; पण आपले सार्वजनिक आयुष्य संपले, असे त्यांना वाटू लागले होते. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील सरे परगण्यातील एका घरी त्यांची भावजय जलरंगांत चित्रे काढीत असे. ते पाहून त्यांनीही रंग मागविले. पहिल्या दिवशी कोऱ्या कॅनव्हासवर निळ्या रंगाचा एक चिमुकला ठिपका देऊन ते थबकले. चित्रकार जॉन लॅव्हरी यांच्या पत्नी हेझल तेथे आल्या, त्यांनी मोठा कुंचला मागून घेतला आणि भेदरलेल्या कॅनव्हासवर दणादण फटकारे ओढले. मग भीती गेली. पुढे त्यांनी पाचशेहून अधिक चित्रे काढली आणि या छंदावर १९२१-२२ मध्ये एक दीर्घ लेखही लिहिला.

उघड्यावरच्या चित्राने थकलेल्या मनाला विसावा मिळतो, याचे कारण साधे आहे. सावली थांबत नाही. सकाळी आठला झाडाच्या डावीकडे पडलेली सावली दहा वाजता निराळीच झालेली असते. पानांचा हिरवा नेमका कोणता आणि पाण्यातला आभाळाचा रंग आभाळापेक्षा किती गडद, हे लगेच ठरवावे लागते. अशा वेळी मनातल्या काळजीला जागाच उरत नाही. आपण रोज ज्या वाटेने गेलो ती वाट आपण कधी पाहिलीच नव्हती, असेही ध्यानात येते. येथवर माझा या छंदाला मनःपूर्वक पाठिंबा आहे.

परंतु निसर्गाकडे पाहता पाहता माणूस आपोआप चांगला होतो, असे जे म्हटले जाते, ते मला पटत नाही. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांकाची परिषद आटोपून चर्चिल मोरोक्कोतील माराकेश येथे राहिले व तेथे कुतुबिया मशिदीचा मनोरा आणि त्यामागील अ‍ॅटलास पर्वताचे हिमाच्छादित शिखर त्यांनी रंगविले. महायुद्धाच्या काळातील त्यांचे हे एकमेव चित्र मानले जाते. ते त्यांनी रूझवेल्टना भेट दिले. त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. धान्यासाठी जहाजे द्यावीत, अशी मागणी भारतातून वारंवार होत होती आणि लंडनच्या मंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फार थोडे दिले. सारा दोष एकट्या माणसाचा नव्हता. तरीही ज्या डोळ्यांना हिमावरची गुलाबी छटा अचूक टिपता आली, त्यांना बंगालची भूक दिसली नाही, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी चित्तप्रसाद नावाचा एक तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडत उपाशी माणसांची रेखाटने करीत होता. त्याच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त केल्या.

चित्रकार ज्या दिशेला तोंड करून बसतो, तिच्याविरुद्ध त्याच्या पाठीमागेही काहीतरी असतेच.

आपल्याकडे पाठीमागे बहुधा घर असते. पुरुषाला निवृत्तीचे वय असते, चुलीला ते नसते. साठीचा गृहस्थ रविवारी सकाळी किल्ल्यात चित्र काढावयास जातो, तेव्हा त्याच्या जेवणाची वेळ कोणीतरी सांभाळीत असते. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षिकेने एकसष्टाव्या वर्षी जलरंग घेतले, तेव्हा ‘घरी काम नाही का?’ हा प्रश्न तिला पहिल्याच आठवड्यात विचारला गेला. नाक्यावर पत्ते कुटीत बसणाऱ्यांना तो कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तिच्या अनुमतीने पुढचे लिहितो. ती आपल्या वाडीतील बावखलाचे चित्र काढीत असे. वसईच्या या गोड्या तळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बागा जगविल्या आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरविले. आता त्यांतील कित्येक बुजविली गेली आहेत. हे बावखल दिराच्या वाट्याचे. एके दिवशी काठावर माती-विटांचा ढीग येऊन पडला. तिने मला विचारले, “फादर, हा ढीग चित्रात घ्यावा की गाळावा?”

मी म्हणालो, “बाई, चित्रकार विजेचे खांब गाळतात, तारा गाळतात. प्रत्येक चित्र काहीतरी सोडूनच पुरे होते. त्यात असत्य नाही.”

“पण खांब माझ्या दिरांनी रोवलेला नाही,” ती म्हणाली.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या शनिवारी तिने ढीग रंगविला. रंग चिखलट झाले, माडांचे प्रतिबिंब पुसट झाले; चित्र म्हणून ते आधीच्यांपेक्षा उणेच आहे. ते तिने समोरच्या खोलीत लावले आहे. दीर अद्याप त्या खोलीत आलेले नाहीत.