अलिप्तता कोणाची?

श्रीमद्भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात कमलपत्राचा जो दृष्टान्त आला आहे, तो आम्हां गृहस्थाश्रमी माणसांना फार सोयीचा वाटतो. पाण्यात राहूनही पानास पाणी चिकटत नाही, एवढे ऐकले की मनाचे समाधान होते. लाचखाऊ कचेरीत बसलेला म्हणतो, मी स्वतः घेत नाही. हुंड्याच्या बैठकीस गेलेला म्हणतो, मी तेथे एक शब्दही बोललो नाही. आपण सारे त्या पानाकडे पाहतो. परंतु ज्या अटीवर तो दृष्टान्त उभा आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कर्म ब्रह्मार्पण केलेले असावे आणि आसक्ती सोडून केलेले असावे, अशी ती दुहेरी अट आहे. म्हणजे दृष्टान्त कर्म करणाऱ्याचा आहे; हात बांधून नुसत्या बसणाऱ्याचा नव्हे.

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते माझ्या भाच्याच्या पत्राचे. तो पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियातील लागोस नगरात, एका भारतीय पेढीत अधिकारी आहे. लागोस ही १९९१ पर्यंत त्या देशाची राजधानी होती. राजधानी अबुजा येथे गेली तरी व्यापार लागोसलाच राहिला. सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे १९२० च्या दशकापासून आहेत, आणि त्यांच्या मागोमाग भारतातील सर्व प्रांतांची माणसे तेथे पोहोचली आहेत. पेढीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने भाच्यास शुक्रवारी रात्री व्हिक्टोरिया आयलंड या श्रीमंत वस्तीतील एका उंची नाइटक्लबात नेले. मध्यरात्रीपूर्वी तेथे कोणी फिरकत नाही. राखून ठेवलेले मेज, कानठळ्या बसविणारे संगीत, आणि कोणी भारी मद्य मागविले की पेटत्या फुलबाज्या लावलेल्या बाटल्या डोक्यावर धरून तरुणींची मिरवणूक त्या मेजाकडे निघते. यजमानाचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. ते ऐकून शेजारचे मेज त्याहून अधिक बाटल्या मागविते. पहाटे चार वाजेपर्यंत हेच चालले होते. भाच्याने अननसाच्या रसाखेरीज काही घेतले नाही. “मामा, मी पाण्यातल्या पानासारखा बसून होतो. मग मला दोष लागला काय?” असे त्याने विचारले आहे.

मुलगा सरळ आहे आणि प्रश्नही त्याने मनापासून केला आहे. म्हणून त्याचे पत्र मी दोनदा वाचले. चार पानांपैकी जवळजवळ तीन पाने त्या रात्रीच्या वर्णनाची होती. कोणत्या मेजावर किती बाटल्या आल्या, कोणाच्या मनगटावर कोणते घड्याळ होते, बिलाचा आकडा किती झाला, हे सर्व त्याच्या ध्यानात राहिले होते. इंद्रिये आवरून जो मनाने विषयांचे चिंतन करितो, त्याला तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी मिथ्याचारी म्हटले आहे. तो कठोर शब्द मी त्याला लावणार नाही. तरुण माणसाने डोळे मिटून बसावे असे कोण म्हणेल? परंतु घशाखाली काय गेले नाही, यावरून मनात काय गेले नाही हे ठरत नाही, एवढे त्याला सांगणे मला प्राप्त होते.

पत्रात यजमानाचा एक युक्तिवादही होता, आणि तो विचारार्ह आहे. भाच्याच्या चेहऱ्यावरील नाराजी पाहून तो गृहस्थ म्हणाला, “तुम्ही याला उधळपट्टी म्हणता, पण या पैशावर गाणारा जगतो, वाढपी जगतो, दारावरचा पहारेकरी जगतो. हेही दानच आहे.” असे म्हणून त्याने गायकाच्या अंगावर नोटांचे पुडके उधळले.

या उधळण्यास तेथील इंग्रजी बोलीत ‘स्प्रे करणे’ म्हणतात. योरुबा लोकांत ही जुनी चाल आहे. लग्न, बारसे, वयोवृद्धाचे उत्तरकार्य अशा प्रसंगी ‘ओवांबे’ नावाची मोठी मेजवानी होते. आप्तइष्ट एकाच कापडाचे पोशाख करून येतात, आणि नाचणाऱ्याच्या किंवा स्तुती गाणाऱ्याच्या कपाळास नोट चिकटवून त्याचा सन्मान करितात. आज मी तुझ्या घरी लावली, उद्या तू माझ्या घरी लावशील, असा हा परस्परांचा व्यवहार असून त्याने कुळे जोडली जातात. आपल्याकडील आहेराचा अर्थ ज्याला कळतो, त्याला हाही कळेल. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्याने चलनी नोटा अशा उधळणे हा गुन्हा ठरविला असून त्यास निदान सहा महिने कैद किंवा ५०,००० नायरा दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०२४ मध्ये लागोसच्या न्यायालयाने एका प्रसिद्ध व्यक्तीस याच कलमाखाली सहा महिने तुरुंगात पाठविले. चाल मात्र सुटलेली नाही. आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. तमाशातील दौलतजादा आणि वरातीत ओवाळून फेकलेल्या नोटा आपणही पाहिल्या आहेत.

सतराव्या अध्यायाचे माप लावले तर ओवांबेतील नोटही सात्त्विक दान ठरत नाही, कारण तिच्यात परतफेडीची अपेक्षा आहे. तरी तिच्यात समोरच्या माणसाची ओळख आहे. त्याचा बाप कोण, त्याच्या घरी काय कार्य आहे, हे देणाऱ्यास ठाऊक असते. क्लबातील बाटलीत ती ओळखही उरत नाही. तेथे गायक निमित्तमात्र असतो. खरे पाहता शेजारच्या मेजावरील डोळे विकत घेतलेले असतात. सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसाचे मनोगत आले आहे. त्यात तो केवळ मिळविण्याच्या आणि मारण्याच्या गोष्टी बोलत नाही. यज्ञ करीन, दान देईन, मौज करीन, हेही तो त्याच दमात बोलतो. अनुवाद करताना या ठिकाणी माझी लेखणी नेहमी थबकते. असुराच्या तोंडी दानाची भाषा असू शकते, हे भगवंतांनी मुद्दाम सांगितले आहे. वाढप्याचे पोट त्या पैशावर भरते हे खरे. पण म्हणून बिलाला दान म्हणावे, तर बाजारातील प्रत्येक गिऱ्हाईक दाता ठरेल.

आता ज्याचा उल्लेख पत्राच्या शेवटी एकाच ओळीत होता, त्याच्याकडे येतो. भाच्याच्या मोटारीचा चालक रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत बाहेर थांबला होता; मंडळी बाहेर आली तेव्हा तो चक्रावर मान टाकून झोपला होता. त्या देशात मे २०२३ मध्ये पेट्रोलवरील सरकारी सवलत बंद झाली, पाठोपाठ नायराची किंमत कोसळली आणि धान्य कडाडले. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन मासिक ७०,००० नायरा ठरले. फुलबाज्या लावून आलेल्या एका बाटलीत अशी कित्येक वेतने होती. पश्चिम आफ्रिकेतील ‘हायलाइफ’ या सुप्रसिद्ध संगीताचे नावच अशा दाराबाहेर जन्मले. १९२० च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, प्रतिष्ठितांच्या क्लबांत हे संगीत वाजे. ज्यांना प्रवेशशुल्क व उंची पोशाख परवडत नसे ते लोक बाहेर उभे राहून ऐकत, आणि आतल्या मंडळींच्या राहणीवरून त्यांनीच त्या संगीतास हे नाव दिले. आतल्यांनी ते नाव घेतले नव्हते. आत काय चालले आहे, याची नोंद बाहेरच्याने ठेवली.

म्हणून भाच्यास मी लिहिले की, तुझ्या प्रश्नाचे उत्तर अननसाच्या रसात शोधू नकोस. पाच तास तू आत बसलास हे कर्मच होय, आणि त्याचा भार बाहेर एका माणसाने वाहिला. नोकरी सोड, असे मी लिहिले नाही. गीता रणांगणावर सांगितली गेली. व्यापाऱ्याने व्यापाराचे स्थान टाळावे, असे मी तिच्या आधारे सांगू शकत नाही. पुढच्या खेपेस चालकास रात्री दहा वाजता घरी जाऊ दे, एवढेच सुचविले.

यावर त्याचे जे उत्तर आले, त्याने मला विचारात पाडले. चालक खाडीपलीकडे मुख्य भूमीवर राहतो. थर्ड मेनलँड ब्रिज हा पूलच जवळजवळ बारा किलोमीटरांचा आहे, आणि रात्री उशिरा त्या बाजूस वाहन मिळणे कठीण. शिवाय रात्रपाळीचा भत्ता बुडेल म्हणून चालकानेच हात जोडले, “साहेब, मला थांबू द्या.” मी येथे पुण्यात बसून त्याचे हित ठरविले होते, त्याचे स्वतःचे गणित वेगळे होते. अखेर भाच्याने गिऱ्हाइकांस सायंकाळी सात वाजता स्वतःच्या घरी जेवावयास बोलाविण्याचे ठरविले आणि भत्त्याची रक्कम चालकाच्या मासिक वेतनात घालावी, अशी पेढीकडे मागणी केली. तीन गिऱ्हाइके जेवून गेली. ज्याने क्लबात नेले होते तो आला नाही, आणि त्याची वर्षाची मागणी यंदा दुसऱ्या पेढीकडे गेली आहे. वेतनाच्या अर्जावर वरिष्ठांचे उत्तर अद्याप आलेले नाही.