घाण्यावरचा दीपक राग

नांदगाव तालुक्यातील नस्तनपूर हे महाराष्ट्रातील साडेतीन शनिपीठांपैकी एक मानले जाते, आणि शनि-अमावास्येस तेल व रुईच्या पानांची माळ घेऊन तेथे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायाबापड्यांपैकी बहुतेकांनी शनिमाहात्म्यातील विक्रमराजाची कथा लहानपणापासून ऐकलेली असते. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, म्हणून तीन राशींची मिळून साडेसाती. त्या फेऱ्यात सापडून परमुलखात आलेल्या विक्रमावर चोरीचा आळ येतो. चित्रातल्या हंसाने मोत्यांचा हार गिळलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता, परंतु असली साक्ष कोणता दरबार ग्राह्य धरील? चंद्रसेन राजाचा हुकूम सुटतो, विक्रमाचे हातपाय तोडले जातात. पुढे तेल्याच्या घरी आसरा मिळून घाण्यावर बसल्या बसल्या बैल हाकीत असता एके रात्री तो दीपक राग आळवतो, आणि नगरातले दिवे आपोआप उजळतात.

आघाताने अलौकिक शक्ती जागृत होणारी पात्रे आजच्या मुलांना अमेरिकी चित्रकथांतून ठाऊक असतात. संतापाने महाकाय होणारा हल्क १९६२ सालचा आहे. विक्रम त्यांचा पूर्वज वाटतो खरा, परंतु यातनेलाच सामर्थ्याची जननी मानले, तर हातपाय तोडविणारा चंद्रसेन उपकारकर्ता ठरतो, आणि प्रत्येक जुलमी मनुष्यास आपल्या कृत्याची सनदच मिळते. नांदगावच्या या अवर्षणग्रस्त तालुक्यात, पीक करपून कर्जाचा हप्ता थकलेल्या शेतकऱ्यास 'दुःखाने माणूस घडतो' असे सांगणे मला निष्ठुरपणाचे वाटते. कित्येक माणसे दुःखाने मोडतात, आणि त्यांची माहात्म्ये कोणी लिहीत नाही.

माझ्या मते तो राग विक्रमास शस्त्राने शिकविला नाही. ती विद्या त्याच्यापाशी पूर्वीचीच असली पाहिजे, हातपाय गेल्यावर कंठ तेवढा शिल्लक राहिला, आणि तो शिल्लक राहिला याचे श्रेय द्यावयाचे तर ज्या घराने त्या थोट्या परक्यास दोन घास घातले त्या तेल्याच्या घरास द्यावे. कथेचा शेवटही याच बाजूने साक्ष देतो. शनी प्रसन्न होऊन हातपाय परत देतो व वर माग म्हणतो, तेव्हा विक्रम राज्य मागत नाही. मला दिलीस तशी पीडा दुसऱ्या कोणास देऊ नकोस, एवढेच मागतो. पीडेनेच आपल्याला ते सामर्थ्य दिले अशी त्याची खात्री असती, तर ती इतरांना नाकारण्याचे त्याला काय कारण होते?