लाज मोठी की जीव मोठा?



ज्या विषयावर आपल्या मंडळ्यांत सहसा कोणी बोलत नाही, त्याविषयी आज लिहिणे भाग आहे. नको असता गर्भ राहिला, तर त्या स्त्रीविषयी ख्रिस्ती मंडळीचे कर्तव्य काय? गर्भपात हे पाप आहे, एवढे बोलून आपली जबाबदारी सरते काय?

सन २०२२ च्या जानेवारीत आपल्याच वर्धा जिल्ह्यात आर्वी येथे जे उघडकीस आले, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेरा वर्षांची एक मुलगी गरोदर राहिली. मुलाच्या आईबापांनी बदनामीचा धाक घालून एका खासगी रुग्णालयात तिचा गर्भ पाडविला, अशी तक्रार पोलिसांकडे गेली. शोध करिता त्या रुग्णालयामागील गोबरगॅसच्या खड्ड्यात अर्भकांच्या ११ कवट्या व ५४ हाडे सापडली.

कायद्याने मार्ग नव्हता असे नाही. १९७१ च्या कायद्याप्रमाणे व २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे, ठरविलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराच्या मताने, आणि बलात्कारपीडित, अज्ञान मुली इत्यादिकांस चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, मान्य ठिकाणी गर्भपात करिता येतो. सज्ञान स्त्रीस स्वतःचीच संमती पुरे, नवऱ्याची लागत नाही. अज्ञान मुलीस पालकाची लेखी संमती लागते. तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. मग चोरवाट का धरली जाते? धाक घालणारे दोषी खरेच. परंतु त्या धाकाला बळ गावाच्या जिभेने दिले, आणि त्या जिभांत आपलीही असते.

कोणी म्हणेल, लाज गेली तर पाप वाढेल. पण लाजेने पाप थांबले कोठे? ते केवळ दृष्टीआड झाले. हे ओळखून जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि फसलेल्या विधवांस तेथे येऊन सुखरूप बाळंत होण्याची सोय केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. त्यांनी प्रथम आसरा दिला, म्हणून आई व मूल दोघेही वाचली.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील योसेफ आठवा. वाग्दत्त वधू गरोदर आहे असे त्यास कळले, तेव्हा तिची बेअब्रू होऊ द्यावयाची नाही असे त्याने ठरविले. ती निर्दोष आहे हे दूताने सांगितले ते त्यानंतर! दोष आहे की नाही हे ठरण्यापूर्वीच त्याने दया केली, आणि शास्त्र त्यालाच नीतिमान म्हणते.

गर्भातील जीव देवाचे दान आहे असे आपण मानितो. गर्भपात केव्हा क्षम्य, ह्याविषयी आपल्यांत मतभेद आहेत व राहतील. परंतु नको असलेला गर्भ राहूच नये, ह्याविषयी मतभेद नसावा. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर ह्या वर्ध्यास येऊन गांधीजींस भेटल्या. गांधीजी संयमाचा आग्रह धरीत. सँगरबाई संततिनियमनाची साधने मागत. तथापि स्त्रीवर मातृत्व लादले जाऊ नये, हे दोघांसही मान्य होते. पतीस नकार देण्यास स्त्रीने शिकावे असे गांधीजी सांगत. आज निरोध, गोळ्या व तांबी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ती घेणाऱ्या जोडप्याची मंडळीत कुजबूज होऊ नये.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या दारी अशी मुलगी आली तर प्रथम ‘कोणाचे?’ असे विचारू नका. तिला दाईच्या काडीपासून, झाडपाल्याच्या मुळीपासून व दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीपासून वाचवा. आशाताईस सोबत घेऊन तिला सरकारी रुग्णालयात न्या. काही केले गेलेच असेल, आणि ताप किंवा फार रक्तस्राव असेल, तर एक घटकाही दवडू नका. डॉक्टरास सर्व खरे सांगावयास लावा. मूल अज्ञान असेल, तर तिच्यावर झालेला अपराध दडपू नका. मूल जन्मास घालण्याचे तिने ठरविले, तर बारशास मंडळीने जावे.

येत्या रविवारी आपापल्या मंडळीत एवढेच विचारा: आपल्या गावातील अशी मुलगी आज रात्री निर्भयपणे कोणाचे दार ठोठावील? उत्तर देता आले नाही, तर पश्चात्ताप प्रथम आपण करावयाचा आहे.