सुनांची पेटी

घराण्याची वंशावळ लिहिलेली असते. तिच्यात बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी माणसं उतरत येतात. सुनांची नावं तिच्यात शोधूनही सापडत नाहीत. अहमदपूरच्या आमच्या घरात ती सापडतात, पण माळ्यावरच्या लोखंडी पेटीत. ही पेटी महालक्ष्म्यांची. भाद्रपदात ती खाली उतरते आणि झाकण उघडलं की एकेक जण बाहेर यायला लागते.

अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निघतात. त्या तीन दिवसांसाठी आधी किती हात राबतात! कोठ्या पुसून त्यांत धान्य भरायचं, मुखवटे मऊ फडक्यानं पुसायचे, साड्या नेसवायच्या. निऱ्या नीट बसेपर्यंत दोघीतिघींचा जीव वरखाली होतो. मग पेटीतलं सामान. मुखवटे आजेसासूबाईंच्या सासूबाईंनी आणलेले. लाखेच्या बांगड्या आजेसासूबाईंच्या, हैदराबादच्या लाड बाजारातल्या. १९५६ पर्यंत अहमदपूर हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं, त्यामुळे लग्नाकार्याची मोठी खरेदी चारमिनारजवळच व्हायची. निर्मळची लाकडी फळं चुलतसासूबाईंनी आणली, त्यांचं माहेर त्या बाजूचं. आंबा, पेरू, सीताफळ. पोनिकीचं लाकूड इतकं हलकं की हातात घेतल्यावर लहान मुलं दचकतात. आंब्याचा रंग एका बाजूनं उडालाय. तो पुन्हा रंगवायचं कुणी मनावर घेतलं नाही, हे फार बरं झालं. काचमण्यांचं तोरण नणंदेनं लग्नाआधी ओवलेलं. तिचं लग्न होऊन ती गेली, तोरण आमच्याकडे राहिलं.

आता डिसेंबर आहे. नाताळच्या चांदण्या दुकानांतून लटकू लागल्या की मला आमची पेटी आठवते, आणि त्याला कारण आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरातली १६०५ सालची एक नोंद प्रसिद्ध आहे. तिथले लोक नाताळात दिवाणखान्यात सूचिपर्णी झाड उभं करत आणि त्याला रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापड्या, मिठाई टांगत. हे वाचलं तेव्हा मला आमचा फुलोराच दिसला. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्यानं बांधलेल्या करंज्या, पापड्या, वेण्या, फण्या! एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन ठिकाणच्या बायकांनी सणाला घरात खाऊच टांगला. घरात आनंद आला हे दाखवायला त्यांच्याजवळ पीठ होतं, गोड होतं आणि हाताला कसब होतं. गोव्यात ख्रिस्तजन्माच्या गोठ्याभोवती नाचणी पेरून हिरवे कोंब उगवून घेतात, तेही मला याच नात्यातलं वाटतं. आमच्या कोठ्यांतही धान्यच असतं. पूर्वी ती घरचीच ज्वारी असे. सोयाबीन आल्यापासून आंबिलीपुरती ज्वारीसुद्धा पुष्कळ घरांत विकत येते.

पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी झाडाला टांगायला काचेची फळं, काचेचे गोळे फुंकले. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. सफरचंद सणानंतर खाल्लं जातं, करंजी प्रसाद म्हणून वाटली जाते. काचेचं फळ मात्र कापसात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवावं लागतं. तिथून सजावटीला वय येतं आणि तिच्याबरोबर ती आणणारीचं नावही राहतं. आमच्या निर्मळच्या आंब्यानं तेच केलं. चुलतसासूबाई आज नाहीत, पण दरवर्षी कुणीतरी विचारतं, "काकूंचा आंबा कुठाय?"

हल्ली सगळी आरास तयार मिळते, एका दिवसात घरी येते, आणि दिसतेही सुरेख. नोकरी करणाऱ्या मुलीनं ती घेतली तर तिला बोल लावू नये. माझं एवढंच मागणं आहे, की तिनं त्यातली एक तरी वस्तू पुढच्या वर्षासाठी ठेवावी. पेटी एका वस्तूनंही सुरू होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा महालक्ष्म्यांना निरोप देऊन जेमतेम आठवडा झाला होता. पेट्या नुकत्याच बांधून ठेवलेल्या असणार. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसं गेली, त्या दुःखापुढे पेटीचं दुःख कुणी बोलून दाखवलं नसेल. पण पुढच्या भाद्रपदात, पत्र्याच्या शेडमध्ये, ज्या घरात एखादी बाई उरली होती, तिनं कशावर तरी साडी नेसवून महालक्ष्मी उभी केलीच असेल, असं मला राहून राहून वाटतं. रिकाम्या पेटीत पहिली वस्तू ठेवणारी ती बाई मला आमच्या आजेसासूबाईंच्या सासूबाईंइतकीच मोठी वाटते.

आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, पेटी थोरल्या घरीच राहिली. तीन दिवस सगळे तिथंच जेवतात. यंदा धाकटी सूनबाई म्हणाली, "आई, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधू या. कुणाची, कुठली, ते लिहू." तिच्या लक्षात आलं ते आमच्या इतक्या वर्षांत आलं नव्हतं. दोघी बसलो. बांगड्या झाल्या, फळं झाली, तोरण झालं. तिनं स्वतः आणलेल्या पितळी समयांनाही मी तिच्या नावाची चिठ्ठी बांधायला लावली. ती लाजत होती.

एका बिदरी डबीपाशी अडलो. जस्त-तांब्याच्या काळ्या अंगावर चांदीच्या तारेचं एक फूल, आत वाळलेलं कुंकू. हा काळा रंग बीदरच्या किल्ल्यातल्या मातीनं चढतो, हे मला ठाऊक आहे, पण डबी घरात कुणी आणली हे ठाऊक नाही. बीदरला आतेसासूबाई आहेत, नव्वदीला टेकल्यात, स्मरण अजून लख्ख आहे. ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर जमणार नाही. संक्रांतीला वाण घेऊन जाते, आणि डबी बरोबर नेते.